टेस्टिंगसाठी लावलेलं नेट लिमिट सारखं गायब होतंय? मी काय काय तपासलं ते सगळं

नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर नेटचा स्पीड मुद्दाम कमी करून ॲप टेस्ट करणाऱ्यांसाठी लिहितेय. प्रॉब्लेम असा की लिमिट लावलं, चाललं, आणि थोड्या वेळाने किंवा दुसऱ्या दिवशी बघावं तर नेट परत फास्ट, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धंच स्लो. माझे यात जवळपास तीन आठवडे गेले. कारण एक नव्हतंच, चार-पाच होती आणि वरून सगळी सारखीच दिसत होती.

आधी हे कशासाठी चाललं होतं ते सांगते, कारण पुढचे आकडे त्यातूनच आलेत. मी महापे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत टेस्टिंग करते, आमचं एक ॲप वाशी मार्केटात कांदा-बटाट्याचे आडते वापरतात. शेतकऱ्याचा माल आला की वक्कल (म्हणजे मालाचा एक लॉट) टाकायचं, वजन, भाव, हमाली, तोलाई भरायची, काट्याच्या चिठ्ठीचा फोटो जोडायचा आणि पट्टी (शेतकऱ्याच्या हिशोबाचा कागद) बनवायची. एका गाळ्यावरच्या दिवाणजींचा फोन आला, "ताई, कालच्या एका वक्कलच्या दोन पट्ट्या पडल्यात, शेतकरी विचारतो यातली खरी कुठली." आता हे साधं नाही हो, त्या कागदावर त्या माणसाचे तीन-चार महिन्यांच्या कष्टाचे पैसे लिहिलेले असतात. ऑफिसात शंभर वेळा करून बघितलं, एकदाही डबल पट्टी पडली नाही, कारण ऑफिसचं नेट चकाचक. मग सकाळी ७ ला गाळ्यावर जाऊन बसले, गोण्यांच्या थप्प्यांच्या मागे जिथे दिवाणजी बसतात तिथेच, आणि फोनवर मोजलं. अपलोड कसाबसा २५० किलोबिटच्या आसपास, आणि फोटो चढत असताना पिंग (छोटा संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) मारला तर ९ सेकंद. नऊशे मिलिसेकंद नाही, नऊ सेकंद. हे तेव्हा नुसतं वहीत लिहून ठेवलं, त्याचं महत्त्व फार उशिरा कळलं.

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधे नेटवर्क टॅबला थ्रॉटलिंग (स्पीड कमी करायची सोय) असतं ते बहुतेकांना माहीत असेल. वेबपेज बघायला ते छान आहे, पण ते फक्त त्या एका टॅबला लागतं आणि टूल्सची खिडकी बंद केली की संपतं, त्यामुळे "लिमिट गायब झालं" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर इथेच आहे. शिवाय ब्राउझर स्वतःच रिक्वेस्ट उशिरा देतो, खाली पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) आपल्या वेगानेच जात असतात. मला फोनवरचं ॲप तपासायचं होतं, म्हणून हे बादच.

मग उबंटूवाल्या लॅपटॉपवर टीसी वापरायचं ठरवलं, म्हणजे लिनक्समधलं ट्रॅफिक कंट्रोल, आणि त्यातलं नेटेम, म्हणजे मुद्दाम खराब नेटची नक्कल करणारा भाग. मांडणी अशी की लॅपटॉपला डॉकमधून (लॅपटॉपला जास्तीचे पोर्ट देणारा डबा) वायरचं नेट, लॅपटॉपचा वायफाय हॉटस्पॉट चालू, आणि फोन त्या हॉटस्पॉटवर. ही मांडणी मला आजही सगळ्यात सरळ वाटते. टीसी मुळात बाहेर जाणाऱ्या पॅकेटनाच आवरतं, आत येणाऱ्यांना नाही. पण फोन हॉटस्पॉटवर असला की फोनचं डाउनलोड म्हणजे लॅपटॉपच्या वायफायमधून बाहेर जाणारं, आणि फोनचं अपलोड म्हणजे लॅपटॉपच्या वायरमधून बाहेर जाणारं. दोन्ही बाहेर जाणारेच! दोन इंटरफेसवर (म्हणजे वायर आणि वायफाय या नेटच्या दोन वाटांवर) दोन सरळ नियम लावले की झालं. एक लक्षात ठेवा, वायरवरच्या नियमाने लॅपटॉपचं स्वतःचं अपलोडपण तेवढंच हळू होतं, तेव्हा टेस्ट चालू असताना लॅपटॉपवरून मीटिंग जॉइन करू नका.

पहिला फटका युनिटचा बसला. मी रेट लिहिताना २५६ केबीपीएस लिहिलं, कारण आपण बोलताना तेच म्हणतो आणि आपल्या डोक्यात तो किलोबिट असतो. टीसीच्या भाषेत केबीपीएस म्हणजे किलोबाइट पर सेकंद, आणि एमबीपीएस म्हणजे मेगाबाइट पर सेकंद. बिट पाहिजे असेल तर केबिट किंवा एमबिट असं लिहावं लागतं. एरर काहीच येत नाही, तो निमूटपणे आठपट स्पीड देतो. मला कळलं ते फोटोमुळे. फोटो ३ एमबीचा होता, म्हणजे २४ मेगाबिट, २५६ किलोबिटने जायला त्याला ९४ सेकंद लागायला पाहिजेत, आणि तो १२ सेकंदात जात होता. १२ गुणिले ८ केलं तर ९६. तिथेच ट्यूब पेटली. तेव्हापासून माझा नियम आहे, लिमिट लावलं की आधी ठरावीक साइजची एक फाइल पाठवायची, कागदावर वेळ काढायचा आणि घड्याळाशी जुळवायचा, आठच्या पटीत फरक आला तर दुसरीकडे शोधायलाच जायचं नाही.

युनिट सुधारलं, दोन दिवस छान चाललं. आणि मग ते सुरू झालं ज्यामुळे हे लिहावंसं वाटलं. सकाळी सगळं बरोबर, दुपारी जेवून आलं की फोटो झर्रकन वर, आणि गंमत म्हणजे डाउनलोड मात्र स्लोच, ॲपमधली यादी सावकाशच उघडायची. त्यामुळे लिमिट चालू आहे असंच वाटत राहायचं. मी फोनला दोष दिला, ॲपने नवीन व्हर्जनमधे फोटो कॉम्प्रेस केला असेल म्हणून डेव्हलपरला तीनदा विचारून झालं, आणि रोज नियम परत लावला की परत चालायचं, म्हणून मुळाशी जायचं राहून जायचं.

शेवटी काउंटर बघितले. टीसीला डॅश एस लावून क्यूडिस्क शो म्हटलं की प्रत्येक इंटरफेसवर कुठला नियम बसलाय, त्यातून किती बाइट गेले, किती पॅकेट ड्रॉप झाले, सगळं दाखवतो. वायफायवर नेटेम दिसत होतं, आकडा वाढत होता. वायरच्या इंटरफेसवर मात्र नेटेम नव्हतंच, तिथे एफक्यू-कोडेल लिहिलेलं. ते उबंटूचं स्वतःचं डिफॉल्ट आहे, म्हणजे माझा नियम उडालेला. का उडाला? तर आमच्या डॉकमधलं वायरचं कार्ड यूएसबीवरचं आहे. जेवायला जाताना मी लॅपटॉप डॉकमधून काढून कपाटात ठेवायचे. यूएसबी सुटलं की तो इंटरफेसच सिस्टिममधून नाहीसा होतो आणि त्याच्यासोबत त्याच्यावरचा नियमही जातो, परत लावलं की तेच नाव घेऊन कोरा करकरीत इंटरफेस येतो. वायफाय लॅपटॉपच्या आतलं, ते कुठे जात नाही, म्हणून डाउनलोडचं लिमिट टिकायचं. यूएसबी टेदरिंग वापरणाऱ्यांचंही हेच होतं, केबल जरा हलली तरी नियम गेला. रीस्टार्ट केल्यावर तर सगळेच जातात, टीसी डिस्कवर काहीही साठवत नाही.

यावर उपाय म्हणजे उबंटूत नेट जोडणाऱ्या नेटवर्क मॅनेजरचं डिस्पॅचर. ईटीसी फोल्डरमधे नेटवर्क मॅनेजरच्या आत डिस्पॅचर डॉट डी नावाचं फोल्डर असतं, त्यात ठेवलेली स्क्रिप्ट प्रत्येक इंटरफेस वर आला की आपोआप चालते आणि तिला इंटरफेसचं नाव आणि 'अप' की 'डाउन' हे दोन्ही मिळतं. नाव जुळलं आणि अप असेल तर नियम लाव, एवढंच लिहायचं. फाइल रूटच्या मालकीची, चालवता येणारी आणि इतरांना न बदलता येणारी पाहिजे, नाहीतर ती चालतच नाही. आणि नियम लावताना ॲड ऐवजी रिप्लेस वापरा, ॲड दुसऱ्यांदा केलं की आधीच आहे म्हणून एरर देतो. मी स्क्रिप्टमधे अजून एक टाकलंय, टेस्टिंग नावाची एक रिकामी फाइल असेल तरच लिमिट लागतं, नाहीतर नाही, कारण घरी गेल्यावर रात्री स्लो नेट कोणालाच नको असतं.

आता जे हॉटस्पॉट न करता लॅपटॉपवरच टेस्ट करतात त्यांच्यासाठी. तुमचं डाउनलोड म्हणजे आत येणारं ट्रॅफिक, ते टीसी थेट आवरत नाही, म्हणून आयएफबी नावाचा खोटा इंटरफेस बनवून आत येणारं सगळं आधी तिकडे वळवायचं आणि तिथे नियम लावायचा. बरोबरची दुसरी टेस्टर हे करत होती आणि तिचं रडगाणं वेगळंच, म्हणे "काही साइट स्लो होतात, काही होतच नाहीत." ऑफिसात स्लो, ऐरोलीला घरी गेली की व्हिडिओ सुसाट. मी तिच्या शेजारी बसून तिची ओळ वाचली तर वळवणाऱ्या फिल्टरमधे प्रोटोकॉल आयपी लिहिलेलं. याचा अर्थ फक्त आयपीव्ही४, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत, आयपीव्ही६ ही नवी. आपल्याकडे बरीच ब्रॉडबँड आणि मोबाइल कनेक्शनं आयपीव्ही६ देतात, आणि मोठ्या व्हिडिओ आणि सर्चच्या साइट आयपीव्ही६ मिळालं तर त्यावरूनच येतात, मग ते ट्रॅफिक फिल्टरच्या शेजारून सरळ निघून जातं. ऑफिसच्या नेटवर फक्त आयपीव्ही४ होतं, म्हणून तिथे सगळं बरोबर. आयपीच्या जागी ऑल लिहिलं, संपलं. नेटवर सापडणाऱ्या जुन्या उदाहरणांमधे सर्रास आयपीच लिहिलेलं असतं, म्हणून कॉपी-पेस्ट करण्याआधी हे बघाच. एखाद्या ठरावीक सर्व्हरच्या आयपीवरच लिमिट लावायचा प्रयत्न असेल आणि व्हीपीएन चालू असेल तर वायरवर तो आयपी दिसतच नाही, व्हीपीएनच्या सर्व्हरचा दिसतो, म्हणजे तेही जुळणार नाही.

लोकलहोस्टचंही सांगून टाकते. सर्व्हर आणि ब्राउझर दोन्ही एकाच मशीनवर असतील तर ट्रॅफिक एलओमधून (मशीनच्या आतल्या आत फिरवणाऱ्या इंटरफेसमधून) जातं, वायर किंवा वायफायवरच्या नियमाशी त्याचा संबंधच येत नाही. आणि लोकलहोस्ट ऐवजी स्वतःच्या मशीनचा १९२.१६८ वाला पत्ता टाकला तरी ते एलओमधूनच जातं, हे खूप जणांना खरं वाटत नाही, काउंटर बघा म्हणजे पटेल. एलओवर नियम लावता येतो, पण तिथे जाताना आणि येताना दोन्ही वेळा तोच नियम लागतो, १०० मिलिसेकंद डिले लावला तर पिंग २०० दाखवणार.

आता मुख्य गोष्ट, कारण इतकं सगळं नीट बसल्यावरही डबल पट्टी पडत नव्हती. रेट २५६ केबिट, फोटोला दीड मिनिट लागतंय, काउंटर बरोबर, आणि तरी ॲप गाळ्यावर वागतं तसं ऑफिसात वागत नाही. पट्टी जायचीच नाही. एकही नाही, नुसतं 'कनेक्ट होत नाही'.

तेव्हा वहीतला तो ९ सेकंदांचा पिंग आठवला. फोटो चढत असताना मी इथे पिंग मारला, तो वाढत वाढत १५, २०, ३० सेकंदांपुढे गेला. कारण रांग. लिमिट लावलं की जी पॅकेट लगेच जाऊ शकत नाहीत ती रांगेत उभी राहतात, आणि नेटेमची रांग डिफॉल्ट १००० पॅकेटची असते. एक पॅकेट साधारण १५०० बाइट, १००० म्हणजे दीड एमबी, म्हणजे १२ मेगाबिट, आणि २५६ किलोबिटने ते रिकामं व्हायला जवळपास ४७ सेकंद. आपल्याला वाटतं आपण फक्त स्पीड कमी केला, प्रत्यक्षात पाऊण मिनिटाची रांगपण सोबत लावली. आमच्या ॲपचा टाइमआउट (म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत) ३० सेकंद, मग कनेक्शन कुठून जुळणार. म्हणून मी रांग कमी केली, नेटेममधलं 'लिमिट' (हे स्पीडचं नाही, रांगेत किती पॅकेट मावतील त्याचं) ३० पॅकेट केलं. आता रांग दीड सेकंदाचीसुद्धा नाही, आणि सगळं मस्त चाललं, फोटो सावकाश जातोय पण पट्टी लगेच, डबल काही नाही. म्हणजे रेट तोच २५६, आणि एका रांगेत ॲप मेलेलं, दुसऱ्या रांगेत एकदम ठणठणीत. गाळ्यावरची परिस्थिती यांच्या मधे कुठेतरी होती.

मग उलटं गणित केलं. ९ सेकंदांची रांग पाहिजे, २५६ किलोबिटला ९ सेकंदांत साधारण २३०० किलोबिट होतात, १२ किलोबिटच्या एका पॅकेटने भागलं तर १९२, म्हणून लिमिट २०० ठेवलं. फोटो सुरू केला, पिंग ९ च्या आसपास स्थिरावला, पट्टी पाठवली. ॲपने 'गेली नाही, परत पाठवतोय' दाखवलं, आणि थोड्या वेळाने सर्व्हरवर एकाच वक्कलच्या दोन पट्ट्या. दिवाणजी म्हणत होते अगदी तश्शाच. मी खुर्चीतून उठून डेव्हलपरला हाताला धरून आणलं.

होत काय होतं ते सांगते. फोटो एका कनेक्शनवर चढत असतो आणि पट्टीसाठी ॲप नवीन कनेक्शन उघडतं. आमच्याकडे टीएलएस १.२ होतं, म्हणजे कनेक्शन जोडायला टीसीपीची एक फेरी, ते सुरक्षित करायला टीएलएसच्या दोन आणि चौथ्या फेरीत खरी पट्टी. प्रत्येक फेरीला आधी फोटोच्या पॅकेटांच्या मागे ९ सेकंद उभं राहायचं. २७ व्या सेकंदाला फोनने पट्टी रांगेत टाकली, ३० व्या सेकंदाला टाइमआउट झाला, ॲपने हात झटकले आणि परत पाठवायला घेतली. पण रांगेत उभं राहिलेलं पॅकेट परत बोलावता येत नाही! ते ३६ व्या सेकंदाला सर्व्हरला पोचलं आणि सर्व्हरने इमानेइतबारे पट्टी बनवली, दुसऱ्या प्रयत्नाची दुसरी बनवली. पॅकेट हरवण्याचा यात काही संबंध नव्हता, उशीरच पुरेसा होता. डेव्हलपरने मग फोनवरच प्रत्येक पट्टीला एक युनिक नंबर द्यायला सुरुवात केली, कितीदा पाठवली तरी नंबर तोच, सर्व्हरने तो नंबर आधी बघितला असेल तर नवीन पट्टी बनवायची नाही. आणि पट्टी पोचल्याशिवाय फोटो चढवायला घ्यायचाच नाही.

विंडोजवाल्यांनी विचारलंच तर, विंडोजमधलं मीटर्ड कनेक्शन चालू केल्याने स्पीड कमी होत नाही, ते फक्त ॲपना डेटा जपून वापरा म्हणून सांगतं. क्यूओएस पॉलिसीत थ्रॉटल रेट देता येतो पण तो बाहेर जाणाऱ्यालाच लागतो, डाउनलोडला नाही. क्लमझी हे फुकटचं टूल लॅग आणि ड्रॉपसाठी चांगलं आहे, फक्त त्यातलं थ्रॉटल नाव बघून फसू नका, ते पॅकेट थोडा वेळ अडवून मग एकगठ्ठा सोडतं, स्पीडची मर्यादा म्हणजे ते नाही. मॅकवर ॲपलचं नेटवर्क लिंक कंडिशनर आहे, एक्सकोडच्या ॲडिशनल टूल्समधे मिळतं, ते पूर्ण मशीनला लागतं. आयफोनमधे डेव्हलपर सेटिंग चालू असेल तर तिथेही तेच आहे, टेस्ट झाली की आठवणीने बंद करा.

नियम बरोबर आहे, काउंटर वाढतोय, तरी पेज झटक्यात उघडतंय असं दिसलं तर कॅशे बघा, फाइल आधीच मशीनवर असेल तर नेटचा प्रश्नच नाही. व्हिडिओवरून तर लिमिट तपासूच नका, नेट कमी दिसलं की तो स्वतःच क्वालिटी उतरवतो आणि न अडकता चालू राहतो. आयपर्फ ३ (स्पीड मोजणारं टूल) घ्या, एकदा साधं आणि एकदा डॅश कॅपिटल आर लावून उलट्या दिशेने, आणि दोन्ही वेळा शेजारच्या खिडकीत पिंग चालू ठेवा.

माझी सध्याची सेटिंग पाहिजे असेल तर, वायरवर नेटेम, रेट २५६ केबिट, लिमिट २००, वेगळा डिले नाही कारण रांगच तो देते. हॉटस्पॉटच्या वायफायवर रेट १ एमबिट, लिमिट १००, म्हणजे सव्वा सेकंदाच्या आतली रांग. एक अडचण अजून येऊ शकते, काही नेटवर्क कार्डं छोटी पॅकेट जोडून मोठी करतात आणि मग रांगेतलं एक पॅकेट १५०० बाइटचं न राहता कितीतरी मोठं होतं, पिंग गणितापेक्षा जास्त यायला लागतो. तसं झालं तर इथटूलने (नेटवर्क कार्डच्या सेटिंग बदलणारी कमांड) दोन्ही इंटरफेसवरचं टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ (पॅकेट जोडणाऱ्या सोयी) बंद करा. माझ्या डॉकवर करावं लागलं, आणि डॉक काढला की तेही उडतं, म्हणून ती ओळपण त्याच डिस्पॅचरच्या स्क्रिप्टमधे टाकलीये.